कॉफी ओतताना म्हटलेलं वाक्य

मी नेमकं काय काम करते, याबद्दल आमच्या पिंपळवंडीत तीन मतं आहेत. शेजारच्या काकूंच्या मते मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि दर वर्षी थोडक्यात राहते. किराणा दुकानदाराच्या मते मी कॉल सेंटरला आहे. आणि कळंबला राहणाऱ्या माझ्या आत्याला मनापासून वाटतं की माझ्या कानांना काहीतरी झालंय आणि डॉक्टरांनी मला दिवसभर ते काळं यंत्र लावून बसायला सांगितलंय. ती आली की हळूच आईला विचारते, "आता ऐकू येतं का गं पोरीला?"

मी कोणालाच दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं म्हणजे बोलावं लागतं. या अंकाच्या संपादकांनी बाबांना निरोप दिला, "ती बोलत नाही हे ठाऊक आहे, निदान लिहील तरी का?" म्हणून हे लिहितेय. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत इतकं सलग मी पहिल्यांदाच लिहितेय.

माझं काम ऐकण्याचं आहे. परदेशातल्या बैठका, मुलाखती, भाषणं यांची रेकॉर्डिंग येतात आणि त्यात कोण काय म्हणालं ते मी लिहून देते. सुरुवातीला शब्दसुद्धा आम्हीच टाइप करायचो. आता शब्द मशीन लिहितं, आणि बऱ्यापैकी लिहितं. पण चार-पाच माणसं एकदम बोलायला लागली, की त्यातलं कुठलं वाक्य कोणाचं, हे त्याला अजून नीट जमत नाही. ज्याने एकदा तरी ग्रामसभा ऐकलीय, तो मशीनला दोष देणार नाही. आमच्यासारख्यांसाठी एवढंच काम उरलंय, आणि तेही किती दिवस, सांगता येत नाही.

कामाचे नियम साधे. आपलं काही घालायचं नाही. बोलणाऱ्याचं वाक्य सुधारायचं नाही. आणि आवाज कोणाचा ते कळलं नाही, तर सरळ 'अनोळखी आवाज' असं लिहायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात आवडतो. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहिण्याचा पगार फार थोड्या नोकऱ्यांमध्ये मिळतो.

या कामात माणसं विचित्र भेटतात, म्हणजे त्यांचे आवाज भेटतात. एक डॉक्टर जेवता जेवता पेशंटची माहिती सांगायचे. कुठला दिवस सूपचा आणि कुठला सँडविचचा, ते मला कळायचं. एक धर्मगुरू आपलं प्रवचन गाडी चालवताना रेकॉर्ड करायचे, आणि पापाविषयी बोलताना मागे इंडिकेटरची टिकटिक चालू असायची. एका गाईच्या विम्याच्या भांडणात दोन्ही वकील गाईचं नाव इतक्या मायेनं घेत होते, की गाय कोणाची हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण ज्या माणसांबद्दल मी आजही विचार करते, ती पाच जणं आहेत. त्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत.

लिहिण्याआधी मी कंपनीला विचारलं. माणसांची, गावाची, उमेदवारांची नावं नकोत, बाकी लिही, म्हणाले. मला ते सोपंच होतं, कारण त्या पाचांची खरी नावं मी मनातसुद्धा कधी वापरली नाहीत.

अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक लहान गाव. तिथल्या चर्चमागच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा ही पाच माणसं जमायची. पाचही जणं तिथल्या उजव्या पक्षाची, पिढ्यानपिढ्या त्याच पक्षाला मत देणारी. एक सल्लागार संस्था त्यांना बोलावून प्रश्न विचारायची. विचारणारा एक तरुण माणूस होता; मी त्याला 'साहेब' म्हणायचे. त्याचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी यायचे: पुढचा अध्यक्ष म्हणून तुम्हाला कोण हवा?

त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. बैठक संपली की फाइल निघायची आणि मी सकाळी चहा घेऊन माडीवरच्या खोलीत बसले की ती आलेली असायची. खिडकीतून ऊस दिसतो. ऊस आहे म्हणून बिबट्या आहे, आणि बिबट्या आहे म्हणून मी संध्याकाळी नारायणगावहून एकटी येणं बाबांना पसंत नव्हतं. त्यामुळे हे घरून करण्याचं काम मला मिळालं. एका अर्थी माझ्या नोकरीची शिफारस बिबट्यानं केलीय.

फाइलमध्ये माणसांना फक्त क्रमांक असतात. क्रमांकावरून आवाज लक्षात राहत नाही, म्हणून मी त्यांना माझी नावं दिली.

एक होता 'पाटील'. त्याचा शेतीची अवजारं बनवण्याचा कारखाना. त्याला कर कमी हवे होते आणि सरकार लांब हवं होतं. बाहेरून येणाऱ्या लोखंडावर जकात वाढल्यापासून तो त्याच्याच पक्षाच्या सरकारवर कावलेला होता. त्याला एका राज्याचा कारभार नीट चालवून दाखवलेला माणूस हवा होता. दुसरा 'कीर्तनकार'. तो चर्चमध्ये शिकवायचा, आणि त्याला न जन्मलेल्या मुलांचा, म्हणजे गर्भपात थांबवण्याचा, प्रश्न सगळ्यात मोठा वाटायचा. त्यावर जो मऊ पडेल, तो कितीही मोठा असो, त्याच्या लेखी संपला. तिसरा 'फौजी'. सैन्यातून निवृत्त, आवाज खर्जातला. मित्रदेशांना शब्द दिलाय तर तो पाळला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. चौथा 'भाऊ', सगळ्यांत लहान. त्याच्या गावातला कारखाना बंद पडून काम परदेशात गेलेलं. आधी आपली माणसं, आपली सीमा, आपले कारखाने. दुसऱ्यांच्या लढाया नकोत. आत्ताच्या अध्यक्षांच्या जवळचा एक नेता पुढे येत होता, त्याला भाऊचा पूर्ण पाठिंबा. त्या नेत्याला मी 'वारसदार' म्हणायचे.

आणि पाचवी 'मावशी'. वयानं सगळ्यांत मोठी. हॉलची किल्ली तिच्याकडे असायची आणि कॉफी तीच करायची. ती फारच थोडं बोलायची. मशीन तर तिचे शब्द नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर टाकायचं.

हे सगळं घरी मी सांगितलं नसतं. पण बाबांनी विचारलं, "कुठल्या पक्षाची मानसं गं?" मी पक्षाचं नाव सांगितलं आणि बाबांनी कप खाली ठेवला. त्या नावाचा पक्ष आपल्याकडेही आहे, निळ्या झेंड्याचा. बाबांनी तरुणपणी त्याच्या सभांना सतरंज्या घातल्यात, आणि त्याचे किती गट झाले हे मोजायला त्यांना बोटं पुरत नाहीत.

"मंग तिकडंबी नाव एक आन गट पाच?"

"चार," मी म्हटलं. "पाचवी बोलत नाही."

"तिलाच धरून चाल," बाबा म्हणाले.

बाबा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं भीमाशंकरच्या बाजूला. त्या गाडीनं तांदळाची पोती घेऊन येणारे धोंडूकाका आता बाबांचे मित्र आहेत. डोंगरातलं भात आणि नाचणी घेऊन ते बाजाराला आले, की चहाला आमच्याकडे. एकदा त्यांनी बाबांच्या तोंडून हे ऐकलं आणि त्यांना त्याची मालिकेसारखी चटकच लागली.

"पोरी, फौजी आन भाऊ बोलत्यात का न्हाई आता?"

"काका, मला नावं सांगता येत नाहीत."

"नावं कोन इचारतंय? भांडान सांग."

मग मी थोडंसं सांगायचे. त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती. "त्यांचा अध्यक्ष हाय ना खुर्चीत? मंग फुडचा आत्ताच कशाला?"

दोनदा निवडून आलेल्याला तिथे तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, हे मी सांगितलं. शिवाय पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी पक्षाच्याच मतदारांमध्ये राज्याराज्यात निवडणूक घेऊन ठरतं. म्हणून इच्छुक लोक फार आधीपासून चाचपणी करतात.

काकांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "म्हंजी बाप जित्ता असतानाच वाटणीची बोलनी. कळलं."

माझ्या कॉलेजच्या पुस्तकात हे सगळं एका प्रकरणात होतं आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

पहिले काही महिने ती माणसं एकमेकांची चेष्टा करत बोलायची. पाटील उशिरा आला की फौजी म्हणायचा, "या, जकात भरून आलात का?" कीर्तनकार बिस्किटं आणायचा. तुम्हाला काय हवंय, असं साहेब विचारायचा तोपर्यंत पाचही जणांचं बरंच जुळायचं: गाव टिकावं, मुलं गावात राहावीत, सरकारनं घरात नाक खुपसू नये. ऐकताना मला गंमत वाटायची, कारण या यादीवर पिंपळवंडीतही कोणी सही केली असती. पण 'काय'वरून प्रश्न 'कोण'वर आला, तसतसे आवाज बदलले. चेष्टा कमी झाली. एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढायला लागलं. कीर्तनकारानं बिस्किटं आणणं बंद केलं. डब्याच्या झाकणाचा आवाज आला नाही, म्हणून मला कळलं.

आणि मग त्या बैठकीची फाइल आली.

साहेबानं विचारलं होतं की वारसदारच उमेदवार झाला तर काय. भाऊ म्हणाला, "तर काय? बाकीच्यांनी मुकाट्यानं मागे यायचं." फौजी म्हणाला, "मुकाट्यानं मागे मी एकदाच गेलो, आणि तिथून माझे सगळे सोबती परत आले नाहीत." तिथून पुढे सगळे एकदम. खुर्च्या सरकल्या, टेबलावर हात आपटला, पाटील आणि कीर्तनकार एकमेकांना न ऐकता दोन वेगळी भांडणं भांडत होते. मशीननं तिथे जे लिहिलं होतं त्याला काही अर्थ नव्हता.

अशा वेळी काय करायचं, तर वेग कमी करायचा आणि एकेका आवाजाला धरून तो पूर्ण ऐकायचा. मग परत मागे जाऊन दुसऱ्याला धरायचं. गुंतलेला दोरा सोडवतात तसं. ते करताना गोंगाटाच्या अगदी तळाशी मला एक वाक्य सापडलं. हळू, कोरडं, जवळजवळ पुटपुटलेलं. "तो उभा राहिला, तर मी त्या दिवशी मत द्यायला जाणारच नाही."

मी ते लिहिलं आणि पुढे 'अनोळखी आवाज' असं लिहून फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या ऑफिसातून स्नेहल मॅडमचा फोन आला. आमचं काम तपासून पुढे पाठवणं हे त्यांचं काम. त्या बोलतात भरभर, पण माणूस चांगला.

"अगं, त्या वाक्याला क्रमांक दे. त्या सल्लागार संस्थेला त्या एकाच वाक्यात इंटरेस्ट आहे."

"का, मॅडम?"

"दुसऱ्याला मत देणारा माणूस कळतो त्यांना. घरी बसणारा माणूस म्हणजे थेट नुकसान. आणि अजून एक. त्यांच्या पॅनेलवर फक्त मत देणारी माणसं ठेवतात. जो देणार नाही, त्याची खुर्ची काढून दुसरा आणणार. त्यांना वाटतंय तो तिसरा क्रमांक आहे, तुझा तो फौजी. बरोबर ना?"

"नाही वाटत मला."

"मग कोण?"

मी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. मॅडमना माझी सवय आहे. "उद्या सकाळपर्यंत सांग," म्हणाल्या. "नाही कळलं तर मी फौजी टाकून देते. त्याचंच भांडण चाललं होतं."

मी परत ऐकायला बसले. फौजीचा आवाज खर्जातला. हे वाक्य त्याच्या घशातलं नव्हतं. पण इतकं खालचं बोलणं कोणाचंही वेगळंच ऐकू येतं. फक्त आवाजावरून सांगायचं, तर मला खात्री नव्हती. तेवढ्यात खालून आईनं हाक मारली. बाबांकडे विहाराच्या जयंती कमिटीची माणसं बसली होती, चहा न्यायचा होता.

ही कमिटी म्हणजे आमच्या घरातली अमेरिका. बाबा अध्यक्ष, आणि वयामुळे यंदा सोडणार. पुढचा अध्यक्ष कोण, यावरून दोन बाजू. तरुण पोरांना मोठी मिरवणूक आणि डीजे हवा होता, जुन्यांना व्याख्यान आणि अभ्यासिकेची पुस्तकं. गोष्ट इथवर आली होती की दोन मिरवणुका निघतील. त्या दिवशीही आवाज चढलेले होते. आई ट्रे घेऊन आत गेली, एकेकाला कप देत देत पुढे सरकली, आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "दोन मिरवणुका काढल्या तर बाया एकीतबी येनार न्हाईत. सांगून ठिवते."

कोणी ऐकलंच नाही, असं प्रत्येकानं दाखवलं. आई रिकामा ट्रे घेऊन बाहेर आली.

मी दारात उभी होते आणि माझ्या एकदम लक्षात आलं. आई बैठकीत नेहमी अशीच बोलते. बसून कधीच नाही. हातात ट्रे असताना बोललेलं बोलण्यात धरत नाहीत. पटलं तर उपयोगी पडतं, नाही पटलं तर चहाबरोबर गेलं. मीसुद्धा अशीच बोलते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. समोरासमोर बसून कोणी विचारलं, की माझ्याकडे वाक्य नसतं.

वर जाऊन मी ती जागा परत लावली, आणि या वेळी वाक्य ऐकलंच नाही. वाक्यामागचं ऐकलं. तिथे चमचा होता. कपाला लागणारा चमचा, आणि त्याच्या आधी किटलीचं झाकण. मी मागच्या सगळ्या फाइली काढून मावशीची वाक्यं ऐकली. जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या मागेपुढे चमचा, झाकण किंवा बशी. ती उभी राहून बोलायची, माइकपासून लांब, कॉफी ओतत. म्हणून तर मशीनला ती सापडत नव्हती.

आता मला खात्री झाली, आणि ती नसती झाली तर बरं झालं असतं. ती ते न बोलल्यासारखं बोलली होती. मी लिहिलं, तर ते बोलणं होणार होतं, आणि तिची खुर्ची जाणार होती. त्याच हॉलमधली, ज्याची किल्ली तिच्याकडे. न लिहिलं, तर फौजीची जाणार होती, जे त्यानं म्हटलंच नाही त्याच्यासाठी. 'अनोळखी' लिहून हात झटकायची सोय आता नव्हती, कारण माहीत नसेल तरच तसं लिहायचं असतं.

मी बाबांना विचारलं. सगळं नाही, एवढंच: "खरं लिहिलं तर एका बाईचं नुकसान आहे."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "फुकट्या धरला की मी तिकीट फाडायचो. म्हातारी असली तरी. वाईट वाटायचंच. पन तिच्या जागी दुसऱ्याला उतरवलं न्हाई कदी."

सकाळी मी मॅडमना कळवलं: पाचवा क्रमांक. कशावरून, तेही लिहिलं. मॅडमचं उत्तर आलं, "ओके, थँक्स." त्यांच्यासाठी ती त्या दिवसाची आणखी एक फाइल होती.

पुढच्या महिन्याची फाइल मी लगेच उघडली नाही. आधी खोली झाडली.

साहेबानं सुरुवातीलाच तो विषय काढला. सभ्यपणे काढला, हे सांगितलं पाहिजे. "मागच्या वेळी तुम्ही एक वाक्य बोललात. ते तुमचंच ना?" आणि त्यानं ते वाचून दाखवलं.

मग शांतता. आमच्याकडे त्यासाठी खूण आहे. मी ती टाकली. इतकी लांब शांतता मी त्या हॉलमध्ये कधी ऐकली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ चालतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"माझंच आहे," मावशी म्हणाली. "कॉफी ओतत होते मी. ते कोणी लिहून घेत असेल असं वाटलं नव्हतं."

मी इथे खिडकीबाहेर बघितलं. ती माझ्याबद्दल बोलत होती.

"मग तुम्ही मत देणार नाही?" साहेबानं विचारलं.

"त्या दिवशी तसं वाटलं होतं. आजही वाटतंय. उद्याचं माहीत नाही."

फौजी मध्ये पडला. मत न देणाऱ्याची खुर्ची जाते, हा नियम त्यांनाही ठाऊक होता. "हिची खुर्ची काढणार असाल, तर माझीपण काढा." पाटील म्हणाला, "आणि ती गेल्यावर कॉफी कोण करणार?" त्याला विनोद करायचा होता. कोणी हसलं नाही. आणि भाऊ, तो वारसदारवाला भाऊ, त्याच्यावर ओरडला: "तुम्हाला तेवढंच दिसतं का हिच्यात?"

मग मावशी बोलली. मागे चमचा नव्हता, पण आवाज अजून लांबूनच येत होता. ती उभीच असणार.

"तुम्ही पोरं होता तेव्हापासून मी या पक्षासाठी दारं वाजवतेय. उन्हात, बर्फात. उमेदवार तुम्ही ठरवायचा आणि दार मी वाजवायचं. दारातली बाई विचारते, हा माणूस कसा आहे? दर वेळी मी काहीतरी चांगलं सांगितलं. या वेळी तुम्ही चौघं चार नावं घेताय आणि चौघंही म्हणताय की बाकीच्या तिघांमुळे पक्ष बुडेल. ते ऐकून मी दारात काय सांगू? इतके दिवस तुम्ही विचारताय, पुढचा कोण. मला हेही कोणी विचारलं नाही की—"

तिथे साहेबानं रेकॉर्डिंग बंद केलं. फाइल संपली.

मी बाकीचं ऐकायला बसले होते आणि बाकीचं नव्हतंच. वाक्य अर्धं राहिलं की शेवटी एक आडवी रेघ मारतात. मी ती रेघ मारली, आणि महिनाभर ती रेघ माझ्या डोक्यात राहिली. धोंडूकाका बाजाराला आले तेव्हा मी न विचारताच सांगितलं.

"काडली का तिला?"

"माहीत नाही, काका."

"लई वंगाळ केलंस तू." मग पिशवी उचलता उचलता, "पन फौज्याला नसता काडू दिला आपुन."

त्या दरम्यान आमच्याकडे कमिटी परत बसली. आई ट्रे घेऊन निघाली, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "तू बस की इथं. त्या दिशी काय म्हनत व्हतीस ते बसून सांग."

आई दचकली. "आन् चा कोन देनार?"

मी तिच्या हातातून ट्रे घेतला. आई सतरंजीच्या कडेला बसली. तिनं आधी पदर नीट केला, मग बायका मिरवणुकीत का येत नाहीत ते सांगायला लागली. मी कप देत फिरत होते. पोरांचा म्होरक्या म्हणाला, "काकू, पन डीजेशिवाय पोरं येनार न्हाईत," आणि मी त्याच्यापुढे कप धरला असताना माझ्या तोंडून गेलं, "दादा, मागच्या वर्षी डीजेमागं पोरंच होती. मी मोजायला नव्हते, पण गच्चीवरून दिसत होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. मी पुढच्या माणसाकडे वळले. यंदा मिरवणूक एकच निघाली. डीजे होता, पण विहारापाशी बंद झाला आणि तिथे बायकांनी गाणी म्हटली. दोन्ही बाजू अजून म्हणतात की माघार दुसऱ्यानं घेतली.

मला लोक विचारतील, मग अमेरिकेत ठरलं काय? पुढचा कोण? मला माहीत नाही. त्या पाच जणांतसुद्धा ते ठरलं नाही. खरा निकाल लागेल तेव्हा तुमच्यासारखीच मीही टीव्हीवर बघेन. फक्त त्या रात्री आकडे सांगतील तेव्हा मी एका मताचा विचार करत असेन, पडलं की नाही पडलं.

शेवटची फाइल आली. हा प्रकल्प इथे संपतोय, असं मॅडमनी आधीच कळवलं होतं. मी हेडफोन लावले. खुर्च्या सरकल्या. पाटील खोकला. डब्याचं झाकण उघडलं. कीर्तनकारानं बिस्किटं आणली होती. मी एकेकाला मोजत होते. पाचवं कोणी आहे का, की दुसरंच कोणी आणून बसवलंय? मग लांबून, किटलीचं झाकण आणि कपाला लागणारा चमचा. आली, मी म्हटलं, आणि हात सवयीनं पुढे जाऊन त्या ओळीला पाचवा क्रमांक देऊन मोकळासुद्धा झाला.

पण चमच्यामागून आवाज आला तो खर्जातला. "साखर किती घालू?"

आणि माइकच्या अगदी जवळून, टेबलापाशी बसलेल्या माणसाचा येतो तसा, मावशीचा आवाज आला. "दोन चमचे. इतकी वर्षं तुला कॉफी पाजतेय, तू आज विचारलंस."

कोणीतरी हसलं. साहेबानं घसा साफ केला आणि विचारलं, सुरुवात कोण करेल?

"मी," मावशी म्हणाली. "मागच्या वेळचं अर्धं राहिलंय."

मी मागे जाऊन क्रमांक बदलला. चमचा फौजीच्या नावावर टाकला. तिचा आवाज इतका जवळून येत होता, की मला हेडफोनचा आवाज थोडा कमी करावा लागला. मग मी लिहायला घेतलं.